बंद पडलेली पोर्शे ९४४: सुट्या भागांच्या हिशेबाने किंमत कशी काढायची

जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: "चालत नाही, पण नुसते पार्ट विकले तरी दुप्पट पैसे सुटतील." लिहिणाऱ्याला एकच विचारावं, मग तुम्ही का नाही विकलेत? उत्तर त्यालाही ठाऊक असतं. पार्ट काढायचे, पुसायचे, त्यांचे फोटो काढायचे, गिऱ्हाइकांच्या निरोपांना उत्तरं द्यायची, खोकी भरायची आणि शेवटी उरलेला सांगाडा दारातून हलवायचा, ही सगळी मजुरी आहे. ती त्याला नको आहे. किंमत काढताना ही मजुरी आपल्या गळ्यात पडणार आहे हे धरूनच सुरुवात करायची.

अमेरिकेत घराला गॅरेज मिळालं की जुन्या गाडीचा किडा डोक्यात शिरलेली बरीच मराठी मंडळी भेटतात. त्यांच्यापैकी निम्म्यांची नजर पोर्शे ९४४ वर जाते, आणि ते बरोबरच आहे. १९८२ ते १९९१ या काळात या गाड्या सुमारे १ लाख ६३ हजार बनल्या, त्यातल्या मोठ्या संख्येने अमेरिकेत आल्या. पत्रा दोन्ही बाजूंनी जस्तलेपित, त्यामुळे गाडी बंद पडून पंधरा वर्षं झाली तरी अंग शाबूत राहतं. दुरुस्तीचा खर्च मात्र पोर्शेचाच. म्हणून अंगणात, शेडमध्ये, ताडपत्रीखाली या गाड्या पडून असतात. स्वतःच्या गाडीसाठी दाता म्हणून घ्या (म्हणजे तिचे पार्ट काढून आपल्या गाडीला लावायला) किंवा तोडून विकायला घ्या, हिशेबाची रीत एकच. इथे डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या अमेरिकन गाड्या धरल्या आहेत. दुसऱ्या गाडीला पार्टांची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

आधी ओळख पटवा, घराबाहेर पडण्याआधीच

विकणाऱ्याकडून सतरा अक्षरी व्हिन नंबरचा, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचा, फोटो मागवा. तो पुढच्या काचेतून डाव्या कोपऱ्यात दिसतो, शिवाय दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. दोन्ही फोटो मागा. ते जुळत नसतील तर कुठलातरी भाग दुसऱ्या गाडीचा आहे, किंवा गोष्ट त्याहून वाईट आहे.

दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं: डी म्हणजे १९८३, ई १९८४, एफ १९८५, जी १९८६, एच १९८७, आणि आय गाळून जे १९८८, के १९८९, एल १९९०, एम १९९१. सातवा, आठवा आणि बारावा आकडा एकत्र वाचला की गाडीचा प्रकार कळतो. ९-४-४ म्हणजे साधी ९४४, ९-५-१ म्हणजे टर्बो. बॉनेटवर किंवा मागच्या काचेवर टर्बोचा बिल्ला कोणीही चिकटवू शकतो, हे तीन आकडे मात्र कंपनीनेच घातलेले असतात.

वर्ष कळणं का महत्त्वाचं? कारण ९४४ नावाच्या गाडीत आतून निदान तीन वेगळ्या गाड्या आहेत. १९८५ च्या मध्यावर डॅशबोर्ड पूर्ण बदलला, आणि त्याच वेळी पुढचे कंट्रोल आर्म व मागचे ट्रेलिंग आर्म पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचे झाले. १९८७ पासून चाकांचा ऑफसेट (चाक आत-बाहेर किती बसतं ते माप) बदलला, त्यामुळे आधीची चाकं नंतरच्या गाडीला तशीच बसत नाहीत. १९८९ या एकाच वर्षी साध्या ९४४ ला २.७ लिटरचं इंजिन मिळालं, एरवी ते २.५ लिटरचं. १९८७-८८ ची ९४४ एस आणि १९८९ पासूनची ३ लिटरची एस२ ही सोळा व्हॉल्व्हची. म्हणजे "९४४ ची चाकं" म्हणून कोणी काही विकत घेत नाही. घेणारा आपल्या वर्षाची चाकं घेतो.

दुसरी गोष्ट, ऑप्शनचं स्टिकर. मागच्या बाजूला कार्पेट उचललं की स्टेपनीच्या आसपास ते सापडतं, नसलं तर सर्व्हिस बुकात चिकटवलेलं असतं. त्यावर तीन आकडी कोड असतात. त्यातला २२० शोधा. तो असेल तर गिअरबॉक्समध्ये लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोहोचवणारी रचना) आहे, आणि साध्या ९४४ च्या बाबतीत हा एक कोड अख्ख्या हिशेबाचा तोल बदलतो, कारण ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांना तोच गिअरबॉक्स हवा असतो. ०३० म्हणजे स्पोर्ट सस्पेन्शन. बाकीचे कोड सनरूफ, क्रूझ कंट्रोल वगैरे. ते वाचून ठेवा, पण त्यांच्यासाठी डॉलर वाढवू नका.

मग एकच प्रश्न: ती कशाने बंद पडली?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बहुतेक लोक गाडीभोवती फिरून पार्टांची यादी करतात आणि इंजिनसमोर "खराब" असं लिहून पुढे जातात. पण गाडी कशाने बंद पडली यावर तिचा कुठला अर्धा भाग अजून जिवंत आहे हे ठरतं.

९४४ मध्ये इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, चाकांच्या मध्ये. दोघांना जोडणारी लांब टॉर्क ट्यूब मधून जाते. त्यामुळे पुढून ठोकलेल्या गाडीत गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन, सीट, मागची काचेची हॅच हे सगळं सुखरूप असू शकतं. मागून ठोकलेलीत नेमकं उलट. अपघाताच्या गाडीचा फोटो बघून "गेली" म्हणणाऱ्यांना हे सुचत नाही, आणि तिथेच तुम्हाला स्वस्तात माल मिळतो.

टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, हे या गाडीचं सगळ्यात प्रसिद्ध दुखणं. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह जागच्या जागी थांबतात आणि पिस्टन येऊन त्यांच्यावर आपटतात. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उघडावं लागतं. पण खालचा ब्लॉक, क्रँक, बऱ्याचदा पिस्टनसुद्धा वाचतात. याच्या उलट दुसरं दुखणं, दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जाणं. लांबलचक वळणांवर जोरात पळवलेल्या किंवा तेल कमी असलेल्या इंजिनात ते होतं. तिथे क्रँक आणि ब्लॉक संशयित, आणि हेड मात्र चांगलं. दोन्ही गाड्यांच्या जाहिरातीत "इंजिन बसलंय" एवढंच लिहिलेलं असतं. एकीत खालचं अर्धं विकायचं असतं, दुसरीत वरचं.

ब्लॉकबद्दल एक सांगून ठेवतो. तो सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा आहे, आत पोलादी लायनर नाहीत. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडले असतील तर गल्लीतल्या मशीन शॉपमध्ये बोअर करून काम भागत नाही. म्हणून ओरखडे नसलेला ब्लॉक हीच विकण्याजोगी वस्तू आहे, आणि ते दाखवणारे फोटो तुमच्याकडे हवेत. स्पार्क प्लगच्या भोकातून जाणारा स्वस्तातला एन्डोस्कोप कॅमेरा फोनला जोडून मिळतो, तो घेऊन जा. पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारख्या खुणा दिसल्या तर व्हॉल्व्ह आपटलेत. खुणा दिसल्या नाहीत म्हणून व्हॉल्व्ह सरळ आहेत असं मात्र धरू नका.

काही वेळा गाडीला झालेलं काहीच नसतं. डीएमई म्हणजे इंजिनचा संगणक. त्याचा डीएमई रिले नावाचा एक चौकोनी डबा फ्यूजबॉक्सजवळ बसतो. त्यातले आतले टाके वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने तडकतात आणि इंधनाचा पंप बंद पडतो. दुसरं म्हणजे क्लच हाउसिंगवरचे दोन सेन्सर. त्यांचे प्लॅस्टिकचे कनेक्टर हात लावला की भुगा होतात. या दोन कारणांनी उभ्या राहिलेल्या गाड्या दहा वर्षांनी "इंजिन गेलंय" म्हणून विकायला येतात. तिसरं, क्लच प्लेटच्या मध्यभागी रबर असतं. ते फाटलं की इंजिन चालतं पण गाडी हलत नाही. क्लच बदलायला एक्झॉस्टपासून टॉर्क ट्यूबपर्यंत बरंच काही उतरवावं लागतं, गॅरेजवाला मजुरीचा आकडा सांगतो, आणि मालक गाडी झाकून ठेवतो. अशी गाडी तोडायला घेणं म्हणजे पैसे फेकणं. ती दुरुस्त करून चालती विका.

कूलंटच्या टाकीत तपकिरी साय दिसली की सगळे "हेड गॅस्केट" म्हणतात. ९४४ मध्ये इंजिनला चिकटून ऑइल कूलर आहे, त्याचे सील गेले तरी अगदी तसंच दिसतं. दोन्हींतलं कुठलं हे दारात उभं राहून सांगता येत नाही. बोलणी करताना मात्र विकणाऱ्याला हेड गॅस्केटच वाटत असतं.

सेल्फ मारू नका

विकणारा जंप केबल घेऊन उत्साहाने पुढे येईल. त्याला थांबवा. बेल्टची अवस्था कळेपर्यंत सेल्फ मारायचा नाही, कारण तुटका किंवा सरकलेला बेल्ट असेल तर उरलेले व्हॉल्व्हही तुमच्यासमोर वाकतील.

आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरचा रोटर कॅमशाफ्टच्या टोकालाच बसवलेला असतो. पुढची टोपी काढा, रोटर दिसेल. आता क्रँकच्या बोल्टला २४ मिलिमीटरचा सॉकेट लावून हाताने, घड्याळाच्या दिशेने, हळू फिरवा. सॉकेटला जागा मिळत नसेल तर गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून पुढे ढकला. रोटर फिरला तर बेल्ट निदान अख्खा आहे. क्रँक फिरतोय आणि रोटर ढिम्म, तर तुटला. आणि मध्येच कुठे कडक लागलं तर जोर करू नका, तिथेच थांबून तसं लिहून ठेवा. क्रँक मुळीच फिरत नसेल तर इंजिन जाम आहे, त्याची किंमत फक्त बाहेर लटकलेल्या वस्तूंची.

सगळं मोकळं फिरलं तरच बॅटरी लावा. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. तो थरथरला तर सेन्सर संगणकाला खबर देतायत. काटा मेलेला असेल तर सेन्सर किंवा त्यांच्या वायरी, म्हणजे स्वस्तातलं दुखणं असण्याची शक्यता मोठी. कॉम्प्रेशन गेज असेल तर चारही सिलिंडर मोजा. आकडा किती यापेक्षा चारही जवळजवळ सारखे आहेत का हे बघायचं.

सोळा व्हॉल्व्हच्या गाडीत आणखी एक भानगड. तिथे दोन कॅमशाफ्टना जोडणारी छोटी चेन असते आणि तिच्या ताणकाची प्लॅस्टिकची पट्टी झिजते. ती तुटली की कॅमशाफ्टचे दातच उडतात. एस आणि एस२ चे चांगले कॅमशाफ्ट त्यामुळे वेगळे विकले जातात. वरचं झाकण उघडू दिलं तर बघून घ्या.

गिअरबॉक्स, जॅक आणि दोन चाकं

स्टिकर नसलं तरी डिफरेन्शियल ओळखता येतं. मागची दोन्ही चाकं उचला, स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. गिअर न्यूट्रलमध्ये. एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर लिमिटेड स्लिप आहे, उलट फिरलं तर साधं. प्लेटा फार झिजल्या असतील तर ही चाचणी फसू शकते. म्हणून "उलट फिरलं" हे उत्तर स्टिकरवर २२० दिसत असताना अंतिम मानू नका. गिअरबॉक्सच्या अंगावर कोरलेल्या कोडचा फोटो घ्या. घेणारा तो मागणारच आहे.

टर्बोचा गिअरबॉक्स जास्त भक्कम, ब्रेक चार पिस्टनचे. साध्या ९४४ चे मालक हे दोन्ही आपल्या गाडीला लावायला शोधत असतात. १९८८ ची टर्बो एस असेल, म्हणजे २५० अश्वशक्तीची, लिमिटेड स्लिप आणि पोर्शेच्याच ९२८ एस४ चे ब्रेक असलेली, किंवा त्याच तयारीची १९८९ ची टर्बो असेल, तर पान्याला हात लावण्याआधी ती अख्खी विकता येईल का हे बघा. अशा गाड्या थोड्याच आहेत, आणि बंद असल्या तरी त्यांना उभं करणारी माणसं आहेत.

अंग आणि आतला भाग

जस्ताचा लेप आहे म्हणून गंज नसतोच असं नाही. जुन्या गाड्यांत बॅटरी पुढच्या काचेखालच्या कोनाड्यात असते. तिचं ॲसिड आणि साचलेलं पाणी मिळून ट्रे कुजवतात आणि पाणी आत पायाखाली येतं. पॅसेंजरच्या बाजूचं कार्पेट दाबून बघा. ओलं, कुबट असेल तर खाली वायरींची काय गत आहे ते गृहीत धरा. दारांखालचे सिल मागच्या चाकाजवळ बघा. लोहचुंबक बरोबर ठेवा, पुट्टीवर तो चिकटणार नाही.

आतल्या भागात एकच राजा आहे: न तडकलेला डॅशबोर्ड. उन्हाने ९४४ चे डॅश इतके सर्रास फाटतात की चांगला असेल तर त्याची वेगळी बोली लागते. पण काचेखाली हात घालून, वरचं आच्छादन उचलून बघा. डॅश झाकणारे प्लॅस्टिकचे कवच मिळतात आणि फोटोत ते अस्सलच वाटतं. सीटच्या कडा फाटलेल्या नसतील तर उत्तम, सुरुवातीच्या गाड्यांतलं पोर्शे नावाच्या अक्षरांचं कापड असेल तर अधिकच. मागची हॅच म्हणजे चौकटीला चिकटवलेली मोठी काच. ती चिकटपट्टी सुटलेली असते, काच हलकेच वर दाबून बघा.

छोट्या वस्तू विसरू नका, कारण काढायला मिनिटभर आणि पाठवायला सोप्या. टूलकिट, कंपनीचं जॅक, सर्व्हिस बुकं, दुसरी किल्ली, जुना ब्लाउपुंक्ट रेडिओ. ९४४ ला घडी होणारी स्टेपनी आणि तिच्यात हवा भरायला विजेवरचा छोटा कंप्रेसर यायचा. तो कंप्रेसर हरवलेले मालक पुष्कळ.

चाकांच्या मागच्या बाजूला आकार आणि पार्ट नंबर असतो. फूक्स कंपनीची घडीव चाकं असतील तर आधी ती मोजा आणि चारही सारखी आहेत का बघा. पार्ट नंबरची सुरुवातही बोलते. ९४४ ने सुरू होणारा ९४४ साठीच बनलेला, ९५१ टर्बोचा, ४७७ ने सुरू होणारा ९४४ च्या आधीच्या पोर्शे ९२४ च्या काळातला, फोक्सवॅगनच्या घरातला. ९२४ चा जन्मच फोक्सवॅगन-ऑडीच्या प्रकल्पातून झाला होता. याचा फायदा असा की १९८६ ते १९८८ ची ९२४ एस ९४४ चंच इंजिन वापरते, म्हणून तुमचं गिऱ्हाईक थोडं वाढतं. तोटा असा की फोक्सवॅगनशी सामायिक असलेले भाग दुसरीकडेही स्वस्तात मिळतात.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पार्ट शोधत फिरलेल्यांना हे सांगायला नको. दुकानदार गाडीचं नाव ऐकून भाव सांगत नाही. तो पार्ट हातात घेतो, उलटा करतो, नंबर वाचतो, मग बोलतो. तुम्हीही तसंच करा.

भाव कुठून काढायचा

मागितलेला भाव हा भाव नव्हे. ईबेवर "विकले गेलेले" एवढंच दिसेल अशी चाळणी लावा आणि त्यातलेही शेवटच्या तीन महिन्यांचे व्यवहार घ्या. एखादा पार्ट वर्षभर जाहिरातीत दिसतोय याचा अर्थ तो त्या भावाला विकला जात नाही. दोनदा विकलेला आणि वीस ठिकाणी पडून असलेला पार्ट असेल तर तुमचा एकविसावा असणार आहे.

मागणी कुठून येते हेही बघा. नासा या मोटरस्पोर्ट संस्थेची ९४४ स्पेक नावाची शर्यतमालिका आहे, ती साध्या, टर्बो नसलेल्या गाड्यांची. या लोकांना इंजिन, गिअरबॉक्स, कंट्रोल आर्म सतत लागतात, पण सीट आणि कार्पेट ते फेकून देतात. घरी गाडी सजवणाऱ्याला नेमकं उलटं हवं. तिसरा गट अमेरिकन व्ही-८ इंजिन आत बसवणाऱ्यांचा. त्यांना इंजिन नसलेला, चाकांवर उभा, कागदपत्रं असलेला सांगाडाच हवा असतो. म्हणजे सांगाडा नेहमीच भंगाराच्या वजनाने जात नाही.

आणि प्रतिस्पर्धी? ग्राहकाने स्वतः पाना लावून पार्ट काढायचे अशी मोठी भंगार यार्ड. तिथे दरवाजा म्हणजे दरवाजा, मग तो टोयोटाचा असो की पोर्शेचा, दर ठरलेला. तुमच्या यादीतल्या ज्या वस्तू तिथे सहज मिळतात त्यांना शून्य धरलं तरी चालेल.

हिशेब

आकडे उदाहरणासाठी घेतलेत, बाजारभाव म्हणून वापरू नका. पद्धत बघा.

समजा १९८७ ची साधी ९४४, बेल्ट तुटलेला, लिमिटेड स्लिप नाही, डॅश चांगला. कागदाचे दोन भाग करा. डावीकडे फक्त ज्या वस्तू महिना-दोन महिन्यांत नक्की जातील: चाकं ४००, गिअरबॉक्स ४००, सीट ३५०, डॅश ३००, संगणक आणि हवा मोजणारा एअरफ्लो मीटर २५०, हेडलाइट उघडणारी मोटर आणि दिवे १५०, स्टिअरिंग रॅक १५०. बेरीज २,००० डॉलर. सात वस्तू. उजवीकडे बाकी सगळं, खिडकीच्या मोटरपासून बिल्ल्यांपर्यंत, विकल्या गेलेल्या भावाने समजा ९००. त्याचे निम्मे धरा, ४५०, कारण निम्मं विकलंच जाणार नाही. एकूण २,४५०.

आता वजाबाकी. विक्रीच्या संकेतस्थळाचं कमिशन ३००, टो करून आणणं १५०, खोकी आणि बबलरॅप १५०, तेल-कूलंटची विल्हेवाट ५०. उरले १,८००. सांगाडा भंगारात १५० ला गेला तर १,९५०. तुमचे साठ तास, तासाला फक्त १५ डॉलरने, ९००. राहिले १,०५०. यातला तिसरा हिस्सा न दिसलेल्या दोषांसाठी बाजूला ठेवा, म्हणजे ३५०. देऊ करायची रक्कम ७००.

विकणारा दोन हजार मागत असतो, कारण त्याने फक्त डावा कागद पाहिलेला असतो, तोही मागितलेल्या भावांचा. त्याच्याशी वाद घालू नका. हाच कागद त्याच्यासमोर ठेवा. तुम्ही गाडीला नावं ठेवत नाही, तासांचे पैसे मागताय, हे दिसलं की बोलणं सोपं होतं.

स्वतःच्या गाडीसाठी दाता म्हणून घेत असाल तर हिशेब थोडा बदलतो. तुम्हाला लागणाऱ्या वस्तूंना पूर्ण भाव धरा, कारण त्या तुम्ही एरवी विकत घेतल्याच असत्या आणि त्यांना कमिशनही नाही. पण "कधीतरी लागेल" या वस्तूला शून्य. गॅरेजमध्ये चार जास्तीचे दरवाजे ठेवलेल्या माणसाच्या घरच्यांना विचारा.

या सगळ्याआधी एक तुलना मात्र करायलाच हवी: हीच गाडी बंद अवस्थेत, अख्खी, किती रुपयांना, म्हणजे डॉलरांना, विकली जाते? पूर्ण असलेली, सरळ अंगाची, कागद असलेली ९४४ बऱ्याचदा अख्खी विकून जास्त देते, साठ तास न घालवता. तोडायची ती जी आधीच अर्धी लुटलेली आहे, ठोकलेली आहे किंवा पाण्यात बुडालेली आहे. बुडालेलीत विजेचं सगळं शून्य धरा, सीटही शून्य, उरतो तो गिअरबॉक्स आणि चाकं.

पैसे देण्याआधी

कागद. गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, विकणाऱ्याच्याच नावावर आहे ना, आणि त्यावर कर्जाचा बोजा नाही ना. टायटल नसलेली गाडी पार्टसाठी म्हणून स्वस्त मिळते, पण शेवटी सांगाडा घ्यायला अनेक यार्ड टायटल मागतात, आणि व्ही-८ वाला गिऱ्हाईक तर टायटलशिवाय येतच नाही. म्हणजे टायटल नसेल तर सांगाड्याचे पैसे हिशेबातून काढाच, वर तो हलवण्याचा खर्च धरा. राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत. वर्षात किती गाड्या विकल्या की डीलर किंवा तोडणीचा परवाना लागतो, हेही आपल्या राज्याच्या वाहन खात्याच्या संकेतस्थळावर बघून ठेवा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला चांगले पैसे येतात म्हणून लगेच मोजू नका. वापरलेला कन्व्हर्टर दुसऱ्या गाडीत लावायला विकण्यावर अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेचे निर्बंध आहेत, तो तपासून, तसं लेबल लावूनच विकावा लागतो. भंगारवाले घेतात, पण चोरीमुळे बऱ्याच राज्यांत त्यासाठीही मालकीचा पुरावा लागतो. एसीत जुना आर-१२ वायू असू शकतो. नळी सैल करून तो हवेत सोडणं बेकायदा आहे, आधी परवाना असलेल्या माणसाकडून काढून घ्या. १९८७ पासूनच्या काही गाड्यांत एअरबॅग आहेत. न फुटलेली एअरबॅग धोकादायक माल म्हणूनच पाठवता येते, साध्या पार्सलने नाही. नवखे लोक ती यादीत धरतात आणि मग तिथेच अडतात.

व्यवहार ठरला तर टो ट्रक बोलावण्याआधी सुट्या पडलेल्या वस्तू, किल्ल्या, पुस्तकं, कंप्रेसर, विकणाऱ्याच्या शेल्फवर ठेवलेली जास्तीची खोकी आपल्या गाडीत घाला. "नंतर येऊन घेऊन जा" असं सांगितलेल्या खोक्यातच नेमका डीएमई संगणक असतो.